वेगळं वाटण

बाहेर जेवायला जाणं हे आमच्या घरात आजारपणाचं नाहीतर प्रवासाचं लक्षण होतं. घरातली बाई धडधाकट असताना माणसं हॉटेलात का जातात, हे नमूआत्याला साठीला टेकेपर्यंत कळलं नव्हतं. नमूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि तेव्हापासून ती आमच्याकडे राहायची, असं लोक म्हणायचे. खरं म्हणजे आम्हीच तिच्याकडे राहायचो, कारण ठाण्यातली ती नौपाड्याची दोन खोल्यांची जागा तिच्या पोस्टातल्या नोकरीवर घेतलेली होती आणि बाबांचं शिक्षणही तिनेच केलं होतं. सकाळी साडेपाचला तिच्या खोकण्याने घर जागं व्हायचं. मग तांब्यात पाणी पडायचं, मग पितळी डब्याचं घट्ट बसलेलं झाकण ती ओट्यावर आपटायची, आणि मग कुकरच्या शिट्ट्या, ज्या ती मोठ्याने मोजायची. स्वयंपाक आईने केला तरी शिट्ट्या आत्याच मोजणार. "तीन झाल्या गं!" हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

जेवण साधंच, पण चवीचं. चिंचगुळाची आमटी, भोपळ्याच्या सालीची चटणी, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची उपासाची भाजी. अंड्याचं टरफलसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणी बोंबील भाजले की आत्या खिडकी लावून घ्यायची. कुणाला नावं ठेवायची नाही, हं. "ज्याचं त्याचं अन्न" म्हणायची आणि खिडकी लावायची. पस्तीस वर्षं पोस्टात काढलेली बाई, सगळ्या जातींच्या बायकांबरोबर एका टेबलावर डबा खाल्लेली. तिचा नियम एकच होता, वशाट नको. तिने गुरूंचा अनुग्रह घेतला होता आणि तो नियम ती श्वास घ्यावा तितक्या सहज पाळायची.

आणि मी? मी बाहेर सगळं खायचे. कॉलेजात असतानाच सुरू झालं होतं आणि माजिवड्याच्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्यावर तर काय, रान मोकळं. घरी येताना बडीशेप चघळायची. तेव्हा मला यात फार मोठी क्रांती केल्यासारखं वाटायचं. आज हसू येतं. चोरून ऑम्लेट खाल्ल्याने कुणी सुधारक होत नाही, पण बावीसच्या वयात ते सांगणार कोण!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचं दुकान बंद पडलं आणि तिथे एक दिवस हिरव्या रंगाची पाटी लागली, 'जय एकविरा थाई हाऊस'. सगळी गल्ली हसली. चायनीजच्या गाड्या लोकांना ठाऊक होत्या, पण थाई म्हणजे काय? आमच्या वाण्याला वाटलं, दवाखाना आहे. मालक मोरूकाका, चेंदणीच्या कोळीवाड्यातले. मालवाहू बोटीवर वीस वर्षं भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. बँकॉकला बोट दुरुस्तीला लागली की महिना महिना तिथेच मुक्काम, आणि तिथल्या बंदरावरच्या एका म्हातारीच्या खानावळीत जाऊन ते तिचं जेवण शिकून आले होते. आता बोट सोडून घरी आले, तर हातात ती विद्या. त्यांची बायको हिरामावशी. ती कधी कुठे गेलेली नव्हती, पण नवऱ्याने सांगितलेली चव तिने इथल्या जिनसांत बसवून दाखवली होती. सहा टेबलं, भिंतीवर एकविरेचा फोटो, आतून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा घर्रघर्र आवाज. मिक्सर तिला मान्य नव्हता. "त्यात गवती चहाचे धागे रवतात गो," म्हणायची.

ते वाटण म्हणजे त्या हॉटेलचा जीव. लाल मिरची, लसूण, गवती चहाचे बुडखे, लिंबाची पानं, आलं, आणि भाजलेला जवळा. जवळा म्हणजे ती नखाएवढी सुकी कोळंबी, कोळीवाड्याच्या अंगणात चटईवर वाळत घालतात ती. थाई लोक यात कसला तरी आंबवलेला कोळंबीचा गोळा घालतात म्हणे, तो इथे मिळायचा नाही; मग हिरामावशीने घरचा जवळा घातला आणि जमलं. शाकाहारी माणसांसाठी ती वेगळं वाटण करायची, वेगळ्या पाट्यावर. तो धाकटा पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला असे आणि त्याला जवळ्याचा हात लागू द्यायची नाही. फक्त तिचा नियम होता, सकाळी सांगून ठेवायचं. आणि दुसरा नियम, नवीन माणूस आला की वाढण्याआधी ती स्वतः बाहेर येऊन विचारायची, "जवला चालतो ना?" कुणी "काही हरकत नाही" असं गुळमुळीत म्हटलं तरी तिला पुरायचं नाही. चालतो की नाय, एक सांगा.

मी पहिल्यांदा ऑफिसातल्या कल्पनाबरोबर गेले. हिरामावशीने माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. ती हसून म्हणाली, "मग तुला वेगला वाटन पायजे." मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी मान उडवून म्हटलं, "छे हो मावशी, आमच्या घरी सगळं चालतं. तसलं काही मानत नाही आम्ही." तिला इतका आनंद झाला! आत जाऊन मोरूकाकांना सांगून आली. त्या दिवशी तिने आमच्या पानात दोन चमचे जास्तच वाढलं. मी त्या कौतुकावर फुगून घरी गेले.

त्याच सुमारास आत्या निवृत्त झाली आणि दोन महिन्यांत कोमेजली. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. शिट्ट्या मोजणंसुद्धा थांबलं. आई म्हणाली, तिला जरा बाहेर ने. मग मी तिच्या मागे लागले, आत्या, एकदा त्या थाईमध्ये चल. नारळाच्या रसातली भाजी असते, तुला आवडेल. महिनाभर ती "वेड लागलंय का तुला" म्हणत होती. एके शुक्रवारी कशी कोण जाणे तयार झाली.

"कोळ्याचं हॉटेल आहे म्हणून मी नाही म्हणत नाही हं मंजे," ती म्हणाली. "पण त्यांच्याकडे मासळी असणार. भांडी, डाव, सगळं वेगळं ठेवतात का?"

"ठेवतात. मी सांगून ठेवते ना त्यांना."

"नक्की?"

"नक्की गं बाई!"

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असायचं. सकाळी जाताना हॉटेलवरून सांगून जायचं होतं. मी विसरले. बस, एवढंच. बस चुकेल म्हणून धावत गेले आणि विसरले. दुपारी दोन वाजता आत्या इस्त्रीची नारायणपेठी नेसून, केसांत चार अबोलीची फुलं माळून माझ्याबरोबर त्या हॉटेलात शिरली, तेव्हा मला आठवण झाली. तिने फुलं माळलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी तिला पंख्याखाली बसवलं आणि आतल्या दाराशी गेले. हिरामावशी पदर खोचून वाटतच होती.

"ही तुझी आत्या? जवला चालतो ना त्यांना?"

मी मागे वळून पाहिलं. आत्या टेबलावरचं मीठ-मिरपूड सरळ ओळीत लावत होती.

"वेगला पायजे तर सांग," मावशी म्हणाली. "सकाली बोलली नाय तू, पन पाऊन तास थांबा, मी वाटते."

पाऊण तास! आत्या पाऊण तासात उठून घरी गेली असती. आणि मावशीला काय सांगणार, की पहिल्या दिवशी मारलेली बढाई खोटी होती? मी म्हटलं, "चालतं हो मावशी. आमच्याकडे चालतं सगळं."

हे मी बोलले. कुणी माझ्या तोंडून वदवून घेतलं नाही.

आत्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, कळलं! पण ती म्हणाली, "गवती चहा! अगं, आमटीत गवती चहा!" आणि मग ती जी जेवली! भाताचा डोंगर फोडून फोडून, बोटं चाटून. भाज्यांचे तुकडे, शेंगदाणे, नारळाचा दाट रस. "मंजे, साठ वर्षं आपण नारळ फक्त सोलकढीत आणि मोदकात घातला. आपण किती मठ्ठ!" येताना तिने हिरामावशीला नमस्कार केला. मावशीने तिचे हात हातात घेतले. घरी येऊन तिने आईला सगळी चव वर्णन करून सांगितली आणि रात्रीच्या कुकरच्या शिट्ट्या पुन्हा मोजल्या.

आता तुम्ही म्हणाल, एकदा झालं ते झालं. मीही तेच म्हणत होते. पण पंधरा दिवसांनी आत्या म्हणाली, "शनिवार आहे. जायचं ना?" या वेळी मी सकाळी आठवणीने सांगितलं. सांगताना पुन्हा खोटं, की आज आत्याचं काहीतरी व्रत आहे, वेगळं वाटण करा. मावशीने धाकटा पाटा काढला, मन लावून केलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता असंच चालू ठेवायचं. आत्या जेवली, सगळं संपवलं, आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, "आज काहीतरी कमी होतं नाही का गं? मागच्या वेळची मजा नव्हती." पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला ती नको म्हणाली. गॅलरीतल्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "राहू दे, पहिल्यासारखं नाही करत ते."

त्यानंतर मी तिला आग्रह करून पुन्हा नेलं आणि सकाळी सांगणं बंद केलं. विसरले नाही, मुद्दाम बंद केलं. आणि आत्या खूश! "आज जमलंय हं हिराबाईंना!" असं तिथल्या तिथे ओरडून सांगायची. पावसाळ्यात चातुर्मास म्हणून चार महिने गेली नाही, तर कार्तिकात एकादशीचं पारणं झाल्यावर पहिला शनिवार तिथेच. माझ्या मनात रोज यायचं की हे पाप आहे. मी स्वतः पापपुण्य मानत नव्हते, पण ती मानत होती ना! तिचा नियम होता तो, तिने आयुष्यभर सांभाळलेला, आणि मी दर पंधरा दिवसांनी समोर बसून तो मोडताना बघत होते. बघत होते आणि "अजून भात घे" म्हणत होते.

एका शनिवारी जेवण झाल्यावर आत्या उठली ती सरळ आत स्वयंपाकघराकडे. "हिराबाई, मला शिकवा हो हे वाटण. घरी आमच्या वहिनीला करून घालते." मी मागे धावले. पण आत्या पाट्याजवळ पोचलीसुद्धा होती. हिरामावशीला कोण आनंद! कुणी तिची विद्या मागायला आलं होतं, तेही असं पोस्टातून निवृत्त झालेलं शिकलेलं माणूस. ती पाटावर बसली, आत्याला दुसरा पाट दिला. मिरची दाखवली, गवती चहाचा बुडखा दाखवला. मग डब्यात हात घालून मूठभर जवळा काढला आणि आत्याच्या नाकाशी नेला. "आनि ह्यो जवला. ह्यो नाय तर काय मजा नाय. आधी भाजायचा."

आत्या मुठीकडे बघत राहिली. त्या बारक्या बारक्या काळ्या डोळ्यांकडे.

"हे यात असतं?" तिने विचारलं. "आम्ही खातो त्यात?"

"हो तं. असतोच."

आत्याने तोंडावर पदर धरला. मावशी घाबरली. "अवो, मी इचारला होता ना! पयल्याच दिवशी इचारला होता. तुमच्या मंजूला इचारला, ती बोलली चालतो." आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी दारात उभी होते. मागे हॉटेलात चार माणसं जेवत होती, त्यांतली दोन आमच्या गल्लीतली. मी म्हटलं, "मला कुठे विचारलं तुम्ही? मला नाही कुणी विचारलं."

मोरूकाका डाव हातात घेऊनच पुढे आले. "माजी बायको इचारल्याबिगर ताट वाढत नाय. वीस टाइम इचारते."

"आमची मुलगी खोटं बोलत नाही," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्हा लोकांना काय त्याचं! तुमचं रोजचंच खाणं." पस्तीस वर्षं सगळ्यांबरोबर डबा खाल्लेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य मी काढलं. तो दोष मी आत्याच्या माथी मारत नाही. मोरूकाका पुढे काही बोलणार होते, तर मावशीने त्यांचा हात धरला. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, अजून वाट बघत होती, की ही पोर आता बोलेल. मी आत्याचा दंड धरला आणि "चल गं" म्हटलं.

घरी आत्याने डोक्यावरून अंघोळ केली. गुरुजींना विचारून पंचगव्य घेतलं, वर्षभर एकभुक्त राहिली. बाहेर जेवायला ती त्यानंतर कधीही गेली नाही, खुर्ची पुन्हा गॅलरीत आली. आणि भजनी मंडळात तिने सांगितलं. सूड म्हणून नव्हे, इतर बायकांचा नियम मोडू नये म्हणून सांगितलं. गल्लीला ते पटायला क्षणभर लागला नाही. कोळीण, तिला काय सोवळंओवळं, मुद्दाम बाटवलं असेल. "मला आधीच वास यायचा," असं म्हणणाऱ्या बायकासुद्धा निघाल्या, ज्या वेगळ्या पाट्यावरचं खाऊन आल्या होत्या. हॉटेलात आमच्याकडचं कुणी जाईनासं झालं. मोरूकाकांनी पाटीखाली 'शाकाहारी वेगळे मिळेल' असं रंगवून घेतलं, पण त्याने उलट जास्तच बोभाटा झाला. वर्षाच्या आत पाटी उतरली आणि तिथे झेरॉक्सचं दुकान आलं.

मी एकदा चेंदणीला गेले. नाही कसं म्हणू, गेले. घर विचारत विचारत गेले. हिरामावशी अंगणात सुकट पसरत होती. मला बघून तिने हात थांबवले नाहीत.

"काका कुठे आहेत?" मी विचारलं.

"बोटीवर. परत गेले." पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून बोट सोडून आलेला.

मी रडायला लागले. "मावशी, माझं चुकलं. तुम्ही विचारलं होतं. मी खोटं बोलले."

"मना म्हायती हाय मी इचारला होता," ती म्हणाली. "यांना पन म्हायती हाय. आमच्या घरान कुनाला सांगायची गरज नाय. तुज्या आत्याला म्हायती नाय. तिला सांगितला?"

"नाही."

"मग हितं कनाला आली? तिला सांग जा." आणि मग, कोळीवाड्यातली रीतच ती, दारी आलेल्याला कोरडं पाठवत नाहीत, "पानी पिऊन जा," म्हणाली.

पाणी पिऊन मी निघाले. वाटेभर वाक्य जुळवत होते. घरी आत्या दारात बसून गवार मोडत होती. "उशीर केलास. चहा टाकू?" म्हणाली. मी म्हटलं, "टाक." ती उठून आत गेली. ते वाक्य मी पुढची अकरा वर्षं जुळवत राहिले. ती शेवटच्या आजारात होती तेव्हा रोज उशाशी बसायचे, तेव्हाही. तेव्हा म्हणायचे, आता कशाला तिला त्रास? मनाला कारणं काय, पैशाला पासरी मिळतात. ती गेली ती हिराबाईंनी आपल्याला फसवलं हेच मनात घेऊन गेली. हिरामावशी मग कोळीवाडा सोडून लेकीकडे गेली असं ऐकलं. मी पत्ता काढला नाही.

आता मीच साठीला टेकले आहे. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाचा, नंदूचा वाढदिवस झाला. त्याच्या मुलीने, रेवाने, सगळ्यांना घोडबंदर रोडच्या एका थाई हॉटेलात नेलं. काचेच्या भिंती, कारंजं, जेवणाआधी गरम टॉवेल. मेन्यू बघता बघता नंदूला जुनी गोष्ट आठवली. आमच्या घरात ती आता विनोद म्हणून सांगतात. "आमच्या नमूआत्याला एका कोळणीने फसवून वर्षभर जवळा खायला घातला होता," तो म्हणाला, आणि टेबल हसलं.

"फसवून नाही," मी म्हटलं. "तिने मला विचारलं होतं. मी चालतं म्हटलं होतं. आणि नंतर सगळ्यांसमोर नाही म्हटलं."

रेवा म्हणाली, "एवढंच? अगं आत्या, मला वाटलं काहीतरी भयंकर सांगतेयस."

"जाऊ दे गं ताई," नंदू म्हणाला. "आता कोण राहिलंय त्यातलं?"

कुणी माझ्यावर रागावलं नाही. कुणी पुढचं विचारलंसुद्धा नाही, की त्या बाईचं मग काय झालं. जे बोलायला मी पस्तीसेक वर्षं घाबरले, ते बोलून झालं तेव्हा त्यावर रागवायला कुणी उरलेलंच नव्हतं. तेव्हा बोलले असते तर आत्या महिनाभर माझ्याशी बोलली नसती, फार तर दोन महिने. एवढ्यासाठी मी त्या दोघांची चूल विझवली.

वेटर वाडगं घेऊन माझ्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला. "मॅडम, यात कोळंबी आहे. चालेल ना तुम्हाला?"

सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी म्हटलं, "चालेल," आणि ताट पुढे केलं.